वाचक विचारतात : टाहलेक्वाच्या पाट्या आणि आपलं मंडळ

प्रश्न : ताई, मी बडोद्यातल्या एका मराठी मंडळाचा कार्यवाह आहे. सभासद कागदावर भरपूर. पण गणपती आणि कोजागिरी सोडली तर मंडळात मी आणि झाडूवाला, दोघंच. मध्यंतरी लेकीकडे अमेरिकेत ओक्लाहोमाला गेलो होतो. जावयांनी टाहलेक्वा नावाच्या गावी नेलं. तिथे रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीबरोबर चेरोकी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी समाजाची लिपी. भाषेची शाळाही त्यांची स्वतःची. मन भरून आलं. हे लोक आपली संस्कृती टिकवायला नेमकं काय करतात? त्यातलं आमच्यासारख्यांना काय जमेल?
– एक कार्यवाह, दांडिया बाजार

उत्तर : कार्यवाहसाहेब, पाट्या बघून भारावलात ते ठीक, पण त्या सगळ्या कारभारात पाट्या सर्वांत स्वस्त पडल्या असतील. खर्च आणि कष्ट दुसरीकडे आहेत.

आधी एक फरक मांडते, नाहीतर उत्तर भलतीकडे जाईल. चेरोकी नेशन म्हणजे मंडळ नव्हे. साडेचार लाखांहून जास्त नागरिक, स्वतःचं सरकार, न्यायालय, दवाखाने. आणि ही माणसं ओक्लाहोमात हौसेने आलेली नाहीत. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना भागातली त्यांची गावं अमेरिकन सरकारने रिकामी करवली. १८३८-३९ मध्ये सुमारे सोळा हजार लोकांना पश्चिमेकडे हाकललं, त्यात चार हजारांच्या आसपास दगावले असं मानतात. आपण बडोद्यात आलो ते गायकवाडांच्या फौजेमागून, इनामं आणि नोकऱ्या मिळवत. तेव्हा ‘आपलंही तसंच’ असा गळा काढायचा नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर होते. बडोद्यात मराठी बंद पडली तरी नांदेडात चालू राहील. चेरोकी सराईतपणे बोलणारे जेमतेम दोन हजार उरलेत, तेही बहुतेक म्हातारे. त्यांना दुसरं नांदेड नाही.

आता त्यांचं काम. सिक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, १८२१ मध्ये आपल्या भाषेसाठी अक्षरं तयार केली. आपल्या बाराखडीसारखी, एका खुणेला एक अक्षर. सात वर्षांत, १८२८ ला, त्या लिपीत आणि इंग्रजीत ‘चेरोकी फिनिक्स’ हे वर्तमानपत्र निघू लागलं. इतका वाचणारा समाज, तरी भाषा आटली. सरकारी आणि मिशनऱ्यांच्या निवासी शाळांत मुलांना आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. ती मुलं आईबाप झाली तेव्हा त्यांनी घरात इंग्रजीच धरली, आपल्या लेकरांना मार नको म्हणून. लिपी कपाटात शाबूत राहिली, जिभेवरून भाषा गेली. आयुष्य ग्रंथालयात काढलेल्या बाईने हे लिहावं हे जरा जिवावर येतं, पण पुस्तकं जपल्याने भाषा जपली जात नाही.

२०१९ मध्ये चेरोकींच्या तिन्ही मान्यताप्राप्त जमातींनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. मग काय केलं ते बघा. टाहलेक्वातल्या त्यांच्या जुन्या कॅसिनोच्या इमारतीत भाषाकेंद्र उभं केलं. शब्दकोशकार डर्बिन फीलिंग यांचं नाव त्याला दिलंय. प्रौढ माणसांना आठवड्याला ४० तास, दोन वर्षं चेरोकी शिकवतात आणि त्याचा पगार देतात! हौस म्हणून संध्याकाळी तासभर येऊन बसा, असं नाही. शिकून झालं की त्यातलेच काही शिक्षक होतात. भाषा येणाऱ्या वृद्धांसाठी घरं बांधली. डिसेंबर २०२० मध्ये कोविडची लस आली तेव्हा सुरुवातीच्या रांगेत चेरोकी बोलणारी म्हातारी माणसं होती. एक आजी गेल्या तर काय जातं, हे सरकारला कळत होतं.

आता आपल्याकडे या. एका मंडळात (नाव लिहीत नाही, तुमचं नाही) रविवारचा मराठी वर्ग निघाला होता. निवृत्त शिक्षिका, फुकट शिकवायच्या, वर घरून खडू आणायच्या. मुलं वीसेक जमायची. बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वर्ग बंद पडला. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी बोलले नसते. त्या तीन मजले वर एकट्या राहायच्या आणि मंडळातलं कोणी एक दिवस डबा घेऊन गेलं नाही. त्याच वर्षी वर्धापनदिनाला ऑर्केस्ट्रा आणला होता, बाहेरून. संस्कृती समितीच्या वहीत हा खर्च ‘भाषासंवर्धन’ म्हणून टाकलेला मी स्वतः वाचलाय.

चेरोकींच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त भावते ती गोष्ट भाषेची नाहीच, पाण्याच्या नळाची आहे. विल्मा मॅनकिलर पुढे १९८५ मध्ये चेरोकी नेशनच्या पहिल्या स्त्री प्रमुख झाल्या. त्याआधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, त्या बेल नावाच्या गरीब वस्तीत काम करत होत्या. घरोघर चेरोकी बोलणारे लोक, पण कित्येक घरांत नळ नाही. सरकारने पैसा आणि तंत्रज्ञ दिले, आणि कित्येक मैलांची पाइपलाइन गावकऱ्यांनी स्वतः खणून टाकली. कोणत्या कुटुंबाने कुठला तुकडा खणायचा ते वाटून घेतलं होतं. तिथे संस्कृतीची समिती आणि मदतीची समिती अशा दोन खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या. तुमच्या मंडळात त्या आहेत, आणि दुखणं तिथेच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तर साहेब, हॉलचं भाडं येतं ना लग्नामुंजींचं? त्यातून एका शिक्षिकेला रीतसर मानधन द्या. फुकट वर्गाला आईबापसुद्धा फुकटच समजतात. मग सभासदांची वही काढा आणि सत्तरीपुढचे, एकटे राहणारे कोण ते शोधा. सयाजी हॉस्पिटलात केसपेपर काढायला, बँकेत हयातीचा दाखला द्यायला सोबत लागते. ती सोबत कॉलेजातल्या पोरांनी करावी, रिक्षाचे पैसे मंडळाने द्यावेत आणि वाटेत मराठीतच बोलायचं, एवढी एकच अट घालावी. आजोबांची मराठी गुजरातीने भरलेली असेल, असू दे. तीच बडोद्याची मराठी. जमलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांना विचारून.

आणखी एक. चेरोकी नेशनचे निम्म्याहून जास्त नागरिक त्यांच्या राखीव प्रदेशाच्या बाहेर राहतात. त्यांच्या परिषदेतल्या १७ जागांपैकी २ जागा या बाहेरच्यांच्या आहेत. तुमच्या कार्यकारिणीत सगळे दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातले. मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडला गेलेल्यांनी फक्त वर्गणी पाठवायची का? दोन खुर्च्या त्यांनाही द्या, आणि एखादी बैठक तिकडे घ्या.

‘अमेरिकेचं इथे कशाला’ असं बैठकीत कोणी म्हणालंच, तर सांगा की १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्याची ग्रंथालयं उभारायला बॉर्डन नावाचा अमेरिकनच आणला होता.

प्रश्न : माझी सून गुजराती आहे. मराठी छान बोलते, हळदीकुंकवाचं सगळं ती बघते. पण मंडळात तिला सभासद करायला दोघातिघांचा विरोध आहे, ‘रक्ताने मराठी’ हवं म्हणून. चेरोकी लोक कोणाला आपलं मानतात?
– एक सासूबाई, रावपुरा

उत्तर : सासूबाई, तिथेही हा वाद जुना आणि कडू आहे. तीन जमातींचे नियम वेगवेगळे. नॉर्थ कॅरोलायनातले ईस्टर्न बँडवाले एक सोळांश रक्त मागतात. टाहलेक्वाचं चेरोकी नेशन रक्ताचं माप बघत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुरी झालेल्या डॉज यादीत, म्हणजे अमेरिकन सरकारने केलेल्या जमातीच्या माणसांच्या नोंदीत, पूर्वज सापडला की झालं. पण त्यांनी एकेकाळी काळी माणसं गुलाम म्हणून राखली होती, हेही विसरू नये. १८६६ च्या तहाने त्या मुक्त गुलामांना नागरिकत्व मिळालं, पुढे ते काढून घ्यायचे प्रयत्न झाले. शेवटी २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्यांच्या वंशजांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये चेरोकींच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले ‘रक्ताने’ हे शब्द काढायला लावले.

राष्ट्राला नागरिक ठरवावे लागतात, तिथे नियम हवेतच. मंडळाला मतदार नकोत, कामाची माणसं हवीत. सुनेचा फॉर्म भरा, वर्गणी तुम्ही भरा, आणि विरोध करणाऱ्यांच्या नातवंडांना चार ओळी मराठी वाचायला सांगा.

प्रश्न : चेरोकी लोक आपल्या माणसांना जुनं बियाणं वाटतात असं ऐकलं. खरं का? माझ्याकडे सासूबाईंनी कोकणातून आणलेलं कडव्या वालाचं बी अजून आहे.
– वाचक, कारेलीबाग

उत्तर : खरं आहे. चेरोकी नेशनची बियाण्यांची पेढी आहे. मका, घेवडा, भोपळा, तुंबा अशा जुन्या वाणांचं बी नागरिकांनी मागितलं की दरवर्षी पाठवतात, साठा असेल तोवर. २०२० मध्ये त्यांनी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फातल्या कोठारातही बी ठेवलं. असं करणारी ती अमेरिकेतली पहिली आदिवासी जमात. तुमचा वाल नॉर्वेला पाठवू नका, तो दरवर्षी लावत राहा. एकाच घरात असेल तर एखाद्या उंदराने सगळं संपेल, म्हणून तीन-चार घरांत वाटून ठेवा. माझ्या गच्चीतल्या दोन कुंड्या रिकाम्या आहेत. बिरडं करून आणलंत तर तेही चालेल.