परवान्याची बंदूक बाँडवर लिहून घेतली तर चालते का?

तुम्ही विचारलंय की गावातले एक काका त्यांची परवान्याची बारा बोअर विकायला निघालेत, तुमच्या शेतात डुकरांनी उच्छाद मांडलाय, तर पाचशेच्या बाँडवर दोन साक्षीदार घेऊन व्यवहार उरकावा का. उरकू नका. मी लातूरला फौजदारी वकिली करतो. असा बाँड दाखवून सुटलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तोच बाँड दोषारोपपत्राला पुरावा म्हणून जोडलेला मात्र पाहिलाय.

आपल्याकडे प्लॉट, जुना ट्रॅक्टर, बैलजोडी सगळं बाँडवर फिरतं, म्हणून बंदूकही फिरेल असं लोक धरून चालतात. पण बंदूक एका परवान्यावरून उतरते आणि दुसऱ्या परवान्यावर चढते. तुमच्याकडे परवानाच नसेल तर ती चढणार कशावर? तेव्हा आधी तुमचा परवाना, मग सौद्याची भाषा. वय २१ पूर्ण पाहिजे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेकडे जातो (संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तांकडे), आणि पोलिसांचा अहवाल आल्यावरच पुढे सरकतो. बीड जिल्ह्यात सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर तर परवान्यांची छाननी कडक झालीय, त्यामुळे महिन्याभरात हातात पडेल या आशेवर राहू नका.

परवाना मिळाला की खाजगी विक्रीला कायद्याची ना नाही. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ५. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेली बंदूक काका दुकानदाराचा परवाना नसतानाही विकू शकतात. अट एवढीच की त्यांनी आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारींना लेखी कळवायचं: बंदूक विकायचीय, घेणाऱ्याचं नाव हे, पत्ता हा. त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या आणि तिची एक प्रत तुमच्याकडेही ठेवा, कारण हे ४५ दिवस मोजायचे ते त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून. तोवर बंदूक काकांच्याच घरी. "चार दिवस नेऊन बघ" म्हणाले तरी आणू नका. उरलेली काडतुसं "ही पण घेऊन जा" म्हणून पिशवीत टाकतात, त्यांनाही हाच नियम.

पैसे देण्याआधी बंदूक उजेडात बघा. नळी बिजागरीवर खाली वाकवून बंदूक उघडली की तिथेच, नळीच्या खालच्या अंगाला नंबर कोरलेला असतो. तो काकांच्या परवान्यावरच्या नंबराशी आकडा न आकडा जुळवा. जुन्या बंदुकांचा नंबर कधी गंजलेला, कधी कुणी घासून टाकलेला असतो. असा नंबर नसलेली बंदूक तुमच्या ताब्यात सापडली तर तो तुम्हीच खोडला असं कायदा गृहीत धरतो (कलम ८), आणि तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. मग ती फुकट मिळत असली तरी नको. परवान्याची मुदतही बघून घ्या.

शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीत वाढल्यात. विनापरवाना बंदूक बाळगली तर किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५. कलम ५ मोडून विकणाऱ्याला किमान ७, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते. हे काकांनाही वाचून दाखवा. त्यांना वाटत असतं की धोका विकत घेणाऱ्यालाच आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात.

काकांचं वय सत्तरीपुढे असेल आणि मुलगा तयार असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाच्या नावे परवाना मागायची सोय आहे. त्यामुळे सौदा ठरवण्याआधी मुलाला विचारा, नाहीतर तोच नंतर हरकत घेऊन उभा राहील.

आणि डुकरांचं म्हणाल, तर बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर किंवा रोही मारायचा परवाना नव्हे. ती लेखी परवानगी वनविभागाची, ती वेगळी. पिकाच्या नुकसानभरपाईचा अर्जही त्याच कार्यालयात होतो, तो मात्र नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत देऊन टाका.