सिव्हिल थ्रीडी (रस्ते डिझाइन करण्याचा प्रोग्राम) मधला रस्ता थ्रीडीएस मॅक्समध्ये (त्रिमितीय दृश्ये व चित्रफिती बनवण्याचा प्रोग्राम) नेल्यावर कडा दातेरी दिसतात. मॉडेल नेण्यासाठी एफबीएक्स फाइल वापरावी की लँडएक्सएमएल?

फॉरमॅटचा प्रश्न आधी उरकतो. सरळ भाग, वर्तुळखंड, संक्रमण वक्र (सरळ भागातून वळणात हळूहळू नेणारा वक्र) आणि प्रोफाइल (रस्त्याच्या लांबीवरचा चढउतार) यांची भूमिती जशीच्या तशी हवी असेल तर लँडएक्सएमएल घ्यावे. नुसते त्रिकोणांचे जाळे पुरत असेल तर एफबीएक्स चालते. मॅक्समध्ये सिव्हिल व्ह्यू हे रस्त्यांची मॉडेल आयात करणारे साधन असेल, तर त्याची व्हीएसपीथ्रीडी फाइल मला दोन्हींपेक्षा सोयीची वाटते. मात्र दातेरी कडांचा दोष बहुधा यांपैकी कशाकडेच नाही, आणि डिझाइनकडेही नाही. डिझाइनवरचा हा आरोप मी स्वतः ऐकून घेतलेला आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी रस्त्यांचे डिझाइन करतो. एका प्रकल्पाची चित्रफीत बनवणाऱ्या सहकाऱ्याने भर बैठकीत माझा रस्ता पडद्यावर दाखवला. 10 सेंटीमीटर रुंदीची पांढरी पट्टी मध्येच नाहीशी होत होती, मध्येच जाड होत होती, आणि कर्बची (रस्त्याच्या कडेच्या उंचवट्याची) धार करवतीसारखी दिसत होती. निर्देशांक फार मोठे आहेत, मॉडेल मूळबिंदूजवळ आणा, असे मी सुचवले. त्याने सर्वांदेखत मॉडेल शून्यावर सरकवले. कडा तशाच राहिल्या. "म्हणजे सरफेसच खराब आहे," असे तो म्हणाला, सरफेस म्हणजे माझ्या डिझाइनमधला रस्त्याचा पृष्ठभाग, आणि त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर त्याच चित्रफितीत होते. रस्ता पूर्व-पश्चिम धावत होता तिथे पट्टी बिघडलेली होती, आणि वळण घेऊन तो उत्तरेला लागला की ती सुधारत होती. सिव्हिल थ्रीडी निर्देशांक दुहेरी, म्हणजे 64 बिटांच्या अचूकतेने ठेवते, तर मॅक्स एकेरी, म्हणजे 32 बिटांच्या अचूकतेने. आमचे नॉर्दिंग (यूटीएम या नकाशा-पद्धतीतला उत्तर दिशेचा निर्देशांक) 19 लाख मीटरांच्या पुढे होते, आणि 10,48,576 ते 20,97,152 या टप्प्यात एकेरी अचूकतेच्या लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये 12.5 सेंटीमीटरांचे अंतर असते. ईस्टिंग, म्हणजे पूर्व दिशेचा निर्देशांक, साडेतीन लाखांच्या आसपास असल्याने तिथे हेच अंतर जेमतेम 3.1 सेंटीमीटर होते. त्यामुळे पूर्व-पश्चिम भागात पट्टीच्या दोन्ही कडा कधी एकाच आकड्यावर येऊन पट्टी मिटत असे, तर कधी ती 12.5 सेंटीमीटरांची होत असे. अंकांची ही काटछाट आयात होतानाच होऊन जाते. नंतर मॉडेल शून्यावर आणल्याने गेलेले अंक परत येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सिव्हिल थ्रीडीमध्येच नॉर्दिंगमधून 19,80,000 आणि ईस्टिंगमधून 3,40,000 वजा करून तोच रस्ता पुन्हा दिला, आणि पट्टी नीट आली. तोपर्यंत सहकाऱ्याने कडा हाताने स्प्लाइनने (मॅक्समधल्या वक्ररेषेने) गिरवायला घेतल्या होत्या, आणि दृश्यापुरते तेवढे पुरते, असे त्याचे म्हणणे होते. मला ते आजही मान्य नाही. हाताने गिरवलेल्या कडेत संक्रमण वक्र उरत नाही, सुपरएलेव्हेशन (वळणावर रस्त्याला दिलेला आडवा उतार) उरत नाही, आणि वळणावर समोरचे किती दूरपर्यंत दिसते याचा अंदाज लोक त्याच चित्रफितीवरून बांधतात.

तेव्हा वजाबाकी निर्यातीपूर्वी करा, किंवा सिव्हिल व्ह्यूमध्ये ग्लोबल इम्पोर्ट शिफ्ट (आयात होताना वजा करायचे आकडे) आयातीआधी भरा. आकडे पूर्ण हजारांत ठेवा, उंचीला हात लावू नका, आणि तेच दोन आकडे जमीन, पूल, झाडे व कॅमेरा या सर्वांना लावून फाइलच्या नावातच लिहून ठेवा.

एक गोष्ट राहिली. कडा करवतीसारख्या नसून वळणावर फक्त कोनाकोनाच्या दिसत असतील, तर कारण वेगळे आहे: 300 मीटर त्रिज्येच्या वळणावर कॉरिडॉरचे (सिव्हिल थ्रीडीमधल्या रस्त्याच्या त्रिमितीय मॉडेलचे) छेद 25 मीटरांवर घेतले, तर जीवा आणि कंस यांत मधोमध 26 सेंटीमीटरांचा फरक पडतो, आणि 5 मीटरांवर घेतले तर तो जेमतेम एका सेंटीमीटरवर येतो. शिवाय अनरिअल इंजिन 5 हा गेम व दृश्ये बनवण्याचा प्रोग्राम मोठे निर्देशांक दुहेरी अचूकतेने हाताळतो, पण तिथे जाणारे मॉडेल वाटेत मॅक्समधून जात असेल, तर वजाबाकी टळत नाही.