स्तोत्रांमधला देव लढायला का उठतो?

तुम्ही विचारलंय, की बायबलमधली स्तोत्रं जर प्रार्थना आहेत, तर त्यांत देव सारखा शस्त्रं घेऊन का उभा असतो? हा प्रश्न मलाही छळायचा. आमच्या घरी संध्याकाळी स्तोत्रसंहिता मराठीतून वाचायचे. हिब्रू मी फार उशिरा शिकलो. मग ३५ वं स्तोत्र मुळातून वाचलं आणि ते मला वेगळंच दिसायला लागलं.

एक माणूस देवाला म्हणतो, ढाल घे, भाला काढ, माझ्यासाठी ऊठ. ढालीला तिथे दोन शब्द आहेत. ‘मागेन’ ही हातातली लहान ढाल, ‘त्सिन्ना’ ही अख्खं अंग झाकणारी. दाविदाशी लढलेल्या राक्षसी योद्ध्याची, गल्याथची, त्सिन्ना उचलायला वेगळा माणूस त्याच्यापुढे चालत होता! दोन्ही ढाली आणि वर भाला, हे एका योद्ध्याला पेलायचं कसं? मला वाटतं, मागणारा इतका घाबरलाय, की दिसेल ते शस्त्र मागतोय. आणि पुढे वाचलं तर कळतं, त्याच्यावर खोटे साक्षीदार उठलेत. तेच लोक आजारी होते तेव्हा ह्याने गोणपाट नेसून, उपास करून त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती.

७४ व्या स्तोत्रात देव लिव्याथानाची, म्हणजे समुद्रातल्या अजस्र सर्पाची, डोकी ठेचतो. ही प्रतिमा जुनीच. सीरियातल्या रास शाम्रा इथे १९२९ पासून मिळालेल्या उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या पाट्यांवर तिथला वादळाचा देव बआल ‘मेघांवर स्वार’ होतो, समुद्राशी लढतो, सात डोक्यांचा सर्पही तिथे आहे. आपल्याला इंद्र आणि वृत्र आठवतातच. पण हे स्तोत्र म्हणणाऱ्यांचं मंदिर जळालंय, आतलं कोरीव काम कुऱ्हाडींनी फोडलंय. हरलेली माणसं त्या जुन्या योद्ध्याला हाक मारताहेत. ४४ व्यात तर ती सरळ विचारतात, तू झोपलास का?

सगळीच स्तोत्रं अशी नाहीत. १८ वं राजाचं विजयगीत आहे. १४९ व्यात दुधारी तलवार भक्तांच्याच हातात आहे, ते मला आजही जड जातं.

मी पुन्हापुन्हा वळतो ते ४६ व्याकडे. तिथे देव धनुष्य मोडतो, भाल्याचे तुकडे करतो. पाठोपाठ येणाऱ्या शब्दाचं भाषांतर आपण ‘शांत राहा’ असं वाचतो. हिब्रूत तो ‘हर्पू’ आहे. हात सैल सोडा.