'लाभार्थी' आणि 'हक्कदार'

प्रश्न असा आहे: सरकारी योजनांच्या बातम्यांत जिकडेतिकडे 'लाभार्थी' दिसतो, त्या जागी 'हक्कदार' लिहिलं तर चालेल का?

सरसकट नाही चालणार. 'अर्थी' म्हणजे इच्छा धरणारा, मागणारा. विद्या मागतो तो विद्यार्थी, तसा लाभ मागतो तो लाभार्थी. तो लाभ पदरात पडलाच पाहिजे, असं या शब्दात कुठेच नाही. 'हक्कदार'मध्ये अरबी 'हक्' आणि फारसी 'दार' आहे. त्याला नाही म्हणणाऱ्याला जाब द्यावा लागतो.

आपल्याकडची रोजगार हमी बघा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला १९६५च्या सुमारास हा प्रयोग केला, १९७२च्या दुष्काळात त्याला राज्यभर बळ मिळालं, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. घोषणा होती 'मागेल त्याला काम'. म्हणजे मागणं इथेही आलंच. पण मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता देणं सरकारवर बंधनकारक. 'हमी' हा शब्द त्या पंधरा दिवसांवर उभा आहे. मुरूम उपसणारी बाई मस्टरवर अंगठा उठवते तेव्हा ती हक्कदार असते. आणि या योजनेसाठीच १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. नोकरदारांच्या पगारपत्रकात 'व्यवसाय कर २००' अशी ओळ असते ना, तिचं मूळ हे. मला ती ओळ फार मोलाची वाटते.

आता मुंबईच्या गिरण्या. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि कितीतरी जण परत साच्यावर, म्हणजे मागावर, गेलेच नाहीत. पक्क्या कामगाराच्या तोंडचे शब्द आठवा: पगार, बोनस, फंड, ग्रॅच्युइटी, देणी. 'देणी' म्हटलं की मालक देणेकरी ठरतो आणि कामगार घेणेकरी. गिरणी बंद झाली, जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि गिरणी कामगारांसाठीच्या सरकारी घरांबरोबर त्याच कामगाराच्या घरात दुसरे शब्द आले: अर्ज, सोडत, वारस, पात्र, अपात्र. उद्योग बदलला की माणसाचं काम जातं, हे सगळे बोलतात. त्याबरोबर त्याची भाषाही घेणेकऱ्याची न राहता अर्जदाराची होते, याकडे आपलं लक्ष जात नाही. 'अपात्र' हा शब्द तर मला सहन होत नाही. कागद अपुरा असतो, माणूस नव्हे.

म्हणून लिहिताना एवढंच पाहावं: नाकारलं तर दाद मागायची सोय कायद्यात आहे का? असेल तर बेधडक 'हक्कदार' लिहा. नसेल तर 'लाभार्थी' हाच खरा शब्द. तिथे 'हक्कदार' लिहिणं म्हणजे नसलेला हक्क असल्यासारखा दाखवणं.

बोलीनं मात्र आपला शब्द कधीच निवडला आहे. संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला सरकारी कागद 'अनुदान' म्हणतो. गावाकडच्या म्हाताऱ्या बँकेच्या पायरीवर बसून एकमेकींना विचारतात, "निराधारचा पगार झाला का गं?" पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला; तिथे त्याचा अर्थ पैसे देणे, आपल्याकडे केलेल्या कामाचे पैसे. जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेल्या बाईनं तो इथे वापरला, तो अगदी बरोबर वापरला.