मूळ टायरवर २०५/५५ आर १६ ९१ व्ही लिहिलंय. दुकानदार म्हणतो २०५/६० आर १६ ९२ एच "तीच साइज" आहे. बसवू का? आणि हे आकडे वाचायचे कसे?

नका बसवू. रुंदी आणि रिम जुळते, त्यामुळे टायर रिमवर बसेल हे खरं. पण त्याची उंची वेगळी आहे आणि वेगाचं अक्षर तुमच्या मूळ टायरपेक्षा खालचं आहे.

२०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ती टायरच्या एका बाजूच्या भिंतीपासून (रिम आणि रस्त्याला टेकणारा पट्टा यांच्या मधला उभा भाग) दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत मोजतात, रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. पुढचे ५५ हे मात्र टक्के आहेत: भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के. गफलत होते ती इथेच. ५५ तसंच ठेवून २०५ ऐवजी २१५ घेतलं, तरी भिंत उंच होते. आर म्हणजे रेडियल बांधणी, त्रिज्येशी त्याचा संबंध नाही. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच कोंबायची ही पद्धत विचित्र आहे खरी, पण सगळीकडे हीच चालते.

आता हिशेब करू. १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. तुमच्या मूळ टायरची भिंत २०५ × ०.५५ = ११२.७५ मिमी. ती वर एक आणि खाली एक, म्हणून २२५.५. एकूण व्यास ६३१.९ मिमी. दुकानदाराच्या टायरची भिंत १२३ मिमी, एकूण व्यास ६५२.४. फरक सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. मूळ व्यासाच्या ३ टक्क्यांच्या आत राहावं असा साधारण संकेत आहे; मी तर २ च्या आतच राहा म्हणेन.

या फरकाने होतं काय? स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी मूळ टायरच्या तुलनेत १०३ ने धावते. मीटर मुळात थोडा जास्त वेग दाखवेल असाच बनवलेला असतो, ती सवलत इथे खर्ची पडते. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर किंवा गाडी भरलेली असताना खड्ड्यात आदळल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. दोनच टायर बदललेत तर आणखी वाईट: पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि एबीएसला (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ते घसरणं वाटू शकतं.

९१ हा भार निर्देशांक. तो किलो नव्हे, तक्त्यातला क्रमांक आहे. ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०, आणि हे एका टायरमागे. म्हणजे ९२ मध्ये अडचण काहीच नाही. वरचा क्रमांक चालतो, खालचा नको. याच साइजमध्ये ९४ व्ही आणि पुढे "एक्स एल" (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जादा भाराचा) असाही टायर मिळतो. त्याचा सांगाडा जास्त मजबूत असतो, पण तो जादा भार हवेचा दाब वाढवला तरच पेलतो. नेहमीच्याच दाबावर त्याच्याकडून ६७० किलोची अपेक्षा ठेवू नका.

व्ही, एच ही वेगमर्यादेची अक्षरं: टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० किमी प्रतितास. (एच हे अक्षर वर्णमालेचा क्रम मोडून यू आणि व्ही यांच्या मधे बसलंय, त्यामुळे अंदाजाने वाचू नका.) "मी कुठे २१० ने चालवतो" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. पण अक्षर वरचं असलं की टायर वेगात तयार होणारी उष्णता जास्त सोसतो, आणि गाडीचं हाताळणं कंपनीने त्याच दर्जाच्या टायरवर जुळवलेलं असतं. वरचं अक्षर घेतलं तर हरकत नाही.

भिंतीवर कमाल दाबाचा आकडाही असतो. तेवढी हवा भरायची नसते, ती टायरची मर्यादा आहे. गाडीला लागणारा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो.

भिंतीवरचा ट्रेडवेअर (टायर किती हळू झिजतो याचा) ४०० वगैरे आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांच्या टायरची तुलना त्यावरून करू नका. शेजारचं ट्रॅक्शनचं, म्हणजे पकडीचं, अक्षर फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्यापुरतं आहे. वळणावरच्या पकडीबद्दल ते काही सांगत नाही.

तेव्हा २०५/५५ आर १६, ९१ किंवा वर, व्ही किंवा वर, असाच टायर मागा. बसवण्याआधी "डॉट" ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार अंक बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. हे चार अंक बऱ्याचदा एकाच भिंतीवर असतात, त्यामुळे दिसले नाहीत तर टायर उलटवून बघा. भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा "आउटसाइड" असा शब्द असेल, तर बसवणाऱ्याला तो आधीच दाखवा. चुकीच्या बाजूने बसलेला टायर दिसायला ठीकच दिसतो, पण पाणी नीट बाहेर फेकत नाही.