प्रिंटरला शाईची बाहेरची टाकी

प्रश्न : फोंड्यात माझे झेरॉक्सचे दुकान आहे. इंकजेटची कार्ट्रिजे महाग पडतात. नळ्यांनी बाहेरची टाकी जोडावी का?

उत्तर : छपाई रोजची असेल आणि वॉरंटी संपली असेल, तर अवश्य जोडावी. मात्र टाकी प्रिंटरच्याच टेबलावर ठेवावी, कारण तिच्यातील शाईची पातळी हेडपेक्षा (कागदावर शाई फवारणाऱ्या भागापेक्षा) वर गेली, तर शाई आपल्याच भाराने गळून आतील भाग खराब करते. नळीत हवा राहिल्यास छपाई तुटक येते. डाय (विरघळलेल्या रंगाची) आणि पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाई कधीही एकत्र करू नये. हेड साफ करताना वाया जाणारी शाई शोषणाऱ्या तळाच्या स्पंजाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, याची मला खरोखर काळजी वाटते; तो वेळीच बदलावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट कागदावर शाई फुटते, म्हणून रीम बंद पिशवीत ठेवावे.