रोमजवळचं चिविता दी बान्योरेज्यो नक्की काय आहे, एका दिवसात बघून होईल का?

आरामात होईल, उंच टेकडीवरचं गावच एवढुसं आहे! रोमच्या उत्तरेला साधारण १२० किमी, इटलीच्या लाझिओ प्रदेशातल्या वितेर्बो प्रांतात. ट्रेनने ओर्विएतोला उतरायचं, तिथून बसने बान्योरेज्यो (हे शेजारचं वेगळं गाव) आणि पुढे चिवितापर्यंत चालत. रविवारी बसचं टाइमटेबल आधी बघून ठेवा नाहीतर अडकाल.

गाव एट्रस्कन लोकांनी (रोमनांच्या आधी इथे राहणारे) वसवलेलं, म्हणजे साधारण अडीच हजार वर्षं जुनं. गंमत अशी की वर ज्वालामुखीच्या राखेचा दगड आणि खाली चिकणमाती, त्यामुळे पाऊस-वारा आणि ओढे खालची माती खात राहतात आणि वरचे कडे तुटून पडतात, म्हणून तिकडे याला 'मरणारं शहर' म्हणतात. १६९५ च्या भूकंपानंतर बरेच लोक शेजारच्या बान्योरेज्योत गेले, आता कायमचे राहणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तेराव्या शतकातले ख्रिस्ती संत बोनाव्हेंतुरा इथलेच, त्यांचं घर तर कधीच दरीत गेलं.

गाडी आत जात नाही, १९६५ चा पादचारी पूल आहे, शेवटी चढ चांगलाच दमवतो. २०१३ पासून एन्ट्री फी पण आहे. आत सान दोनातो चर्च, चौक, दगडी घरं, मांजरं, बस्स. खरी मजा पुलावरून दिसणाऱ्या दरीची, त्यातून थंडीत सकाळी धुकं असेल तर गाव हवेत तरंगतंय असंच वाटतं. दुपारी डे-ट्रिपवाल्यांची जत्रा असते, सकाळी लवकरच जा.